बुआफानचं अवचित दान

नोंग-फाय गावात कुणाला झणझणीत टोमणा हवा असला आणि नेमका शब्द सापडत नसला, तर लोक म्हणत, "जा, बुआफानच्या घरावरून एक चक्कर मारून ये."

बुआफान मागावर बसलेली असायची. घर उंच खांबांवर, खालच्या सावलीत माग, मागापलीकडे कोंबड्या. धोटा इकडून तिकडे धावायचा आणि त्याच्या ठेक्यावर तिच्या तोंडाचा पट्टा. कोंबड्यांना बोलणी, कुत्र्याला बोलणी, रस्त्यानं उगाच हसत जाणाऱ्याला बोलणी. पण यातला सिंहाचा वाटा चाळीस वर्षं एकाच माणसाच्या पदरात पडत होता. तो तिचा नवरा, थोंगमा.

काय माणूस होता! ताडासारखा उंच, हाडकुळा, आणि आवाज असा की या बांधावर खाकरला तर त्या बांधावरची म्हैस मान वर करायची. तरुणपणी तो खेन वाजवत तिच्या दारात यायचा. बांबूच्या नळ्या एकत्र बांधलेला तो बाजा तोंडानं फुंकायचा असतो. रोइएत प्रांताच्या सपाट मुलखात, भाताची कापणी झाल्यावर, त्या बाज्याचा सूर दोन गावं ओलांडून जातो. त्या सुरावर बुआफान भाळली. "लग्नाला आठवडा झाला आणि मला कळलं," असं ती स्वतःच सांगायची, "की फुंकण्यापलीकडे ह्याला काही येत नाही."

ते तितकंसं खरं नव्हतं. थोंगमानं शेती केली, तीन मुली वाढवल्या, त्यांची लग्नं लावली. फक्त प्रत्येक काम उद्यावर ढकलून केलं, आणि करताना गप्पा मारल्या. ती बोलायची, तो हसायचा. ती आणखी बोलायची. शेजारीपाजारी संध्याकाळी चटया घेऊन जवळपास येऊन बसायचे. फुकटचा खेळ कोण सोडतो?

मग एका पावसाळ्यात थोंगमाला बांधावर साप चावला. चार दिवस तो शुद्धीत नव्हता. पाचव्या दिवशी डोळे उघडले आणि म्हणाला, "मी वाचलो तर चीवर घेईन असं बोललोय." कुणाशी बोलला, कधी बोलला, कुणालाच ठाऊक नाही. पण बोललाय म्हणाल्यावर प्रश्न मिटला. उरली एक गोष्ट. संसारी माणसाला भिक्खू व्हायचं तर बायकोची परवानगी लागते. विहाराच्या मोठ्या भन्त्यांनी बुआफानला बोलावून विचारलं. ती म्हणाली, "जाऊ दे की. मी काय खांबाला बांधून ठेवलंय? पंख्याचा वारा तरी मला एकटीला मिळेल."

भन्त्यांनी ती परवानगी धरली. गाव हसलं.

दीक्षेच्या दिवशी बायकोनं चीवराचं तबक डोक्यावर घ्यायचं आणि नवऱ्यामागून विहाराला तीन प्रदक्षिणा घालायच्या, अशी रीत. बुआफान त्या दिवशी रोपं लावायला निघून गेली. गुडघाभर चिखलात ती वाकून उभी होती तेव्हा गावातून ढोल वाजल्याचा आवाज आला. तिनं मान वर केली नाही. तबक थोंगमाच्या बहिणीनं धरलं. संध्याकाळी घरी आल्यावर बुआफाननं पाय धुतले, आणि कुत्र्यालासुद्धा एक शब्द बोलली नाही. शेजारच्या खामसायनं हे पाहिलं आणि बसायला आणलेली चटई गुपचूप परत नेली.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. म्हातारपणी चीवर घेतलेल्यांना इथं लुआंग-ता म्हणतात, आजोबा-भिक्खू. लुआंग-ता थोंगमा रोज सकाळी भिक्षापात्र घेऊन अनवाणी रस्त्यानं यायचा. बुआफान गुडघ्यांवर बसून पात्रात चिकट भाताचा एक गोळा ठेवायची. तो खाली बघायचा, ती हात जोडायची, आणि तो पुढं जायचा. चाळीस वर्षं जिथं धबधबा कोसळत होता तिथं आता थेंबाचाही आवाज नाही.

पंचांगातला चौथा महिना लागला. भात कोठारात, शेतं मोकळी, ऊन तापलेलं, आणि गावात वेस्संतराच्या उत्सवाची गडबड. ज्यानं हत्ती दिला, राज्य दिलं, शेवटी लेकरंही दिली, त्या राजपुत्राची तेरा अध्यायांची कथा एका दिवसात ऐकायची. पहाटे पहिला अध्याय, अंधार पडायच्या आत तेरावा. मध्ये खंड पडला तर पुण्य गळून जातं. प्रत्येक अध्यायाला धर्मासनावर वेगळा भिक्खू. कुणाला कुठला अध्याय, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं.

चिठ्ठ्या निघाल्या त्या दुपारी खामसाय धापा टाकत मागापाशी आली.

"एऊय बुआ! एऊय!" मोठ्या बहिणीला इथं एऊय म्हणतात, आणि खामसाय बुआफानपेक्षा अवघ्या पाच महिन्यांनी लहान. "ऐकलंस? तुझ्या म्हाताऱ्याला पाचवा आलाय!"

धोटा थांबला. "माझा कुठला म्हातारा? विहारातल्या भन्त्यांबद्दल नीट बोल."

"बरं बाई. पूज्य लुआंग-तांना पाचवा अध्याय आलाय. जूजकाचा!"

आणि खामसाय खांबाला धरून हसायला लागली. कारण पाचवा अध्याय म्हणजे म्हातारा भिकारी जूजक आणि त्याची तरुण बायको अमित्तदा. ती त्याला घालून पाडून बोलते आणि नोकर आणायला घराबाहेर हाकलते. सगळ्या कथेतला हशाचा प्रवेश तोच.

"त्याला वाचता कुठं धड येतंय," बुआफान म्हणाली. "चष्मा लावून सुद्धा बेडूक आणि अक्षर सारखंच दिसतं त्याला."

"घोकतोय दिवसभर. आणि एक सांगू? ती ताडपत्राची पोथी कशात गुंडाळून फिरतोय माहितीये? त्या चौकड्याच्या गमछ्यात. घरून गेला तेव्हा कमरेला होता ना, त्यातच. सगळ्या पोथ्यांना रेशमी वेष्टनं, आणि ह्याची अशी, शेतावर शिदोरी नेल्यासारखी."

बुआफाननं धोटा पुन्हा हाती घेतला. पण त्या रात्री तिनं मागावरचं अर्धवट लुगडं कापून काढलं आणि नवा ताणा चढवला.

पोथीचं वेष्टन विणणं हे बायकांचं जुनं पुण्य. सुताच्या दोन ओळींमध्ये बांबूची घोटलेली काडी घालायची, म्हणजे कापड ताठ राहतं आणि पानं वाकत नाहीत. बुआफाननं निळ्या पार्श्वभूमीवर पिवळे हत्ती विणले. रोज एक हत्ती. काड्या इतक्या घोटल्या की बोटांची सालं निघाली.

"दे की मग नेऊन," खामसाय म्हणाली. "सरळ जा, ठेव पुढ्यात, पाया पड."

"आणि गाव काय म्हणेल? तीन वर्षांनी बुआफान शरण आली म्हणेल. त्या ढोलवाल्या बुनलायला तर वर्षभराचा खुराक मिळेल."

"मग?"

बुआफाननं इकडंतिकडं पाहिलं. "अवचितच्या दानात घालते."

खामसायनं तोंडावर हात ठेवला. तसं करणं म्हणजे चक्क लबाडी होती. अवचितचं दान असं असतं: एकेका आळीचे लोक तबक सजवतात, त्यात उदबत्त्या, साबण, उशा, केळीच्या खांबाला खोचलेल्या नोटा, जे ज्याला जमेल ते. मग ढोल आणि खेन वाजवत, नाचत गावभर हिंडतात आणि ध्यानीमनी नसताना विहारात जाऊन थडकतात. त्या क्षणी धर्मासनावर जो कोण भिक्खू बसलेला असेल, दान त्याचं. नवशिका असो की पंडित. बोलाफुलाला गाठ पडावी, त्यातच सगळं पुण्य. म्हणून तर ढोल विहाराच्या पायरीपर्यंत थांबू द्यायचा नाही. विहाराच्या कर्ण्यावरून कोण बोलतंय ते ऐकू आलं तर मग अवचित कसलं?

"म्हणजे तू वेळ साधणार?"

"मी काही साधणार नाही. मी फक्त नाचणार. पाय दुखले तर हळू नाचणार. नाही दुखले तर भराभर."

उत्सवाचा दिवस उजाडला. विहाराच्या सभामंडपात वेस्संतराच्या कथेची चित्रं रंगवलेलं लांबच लांब कापड भिंतीभोवती टांगलं होतं. प्रत्येक अध्यायाच्या चित्राखाली त्या अध्यायाच्या मेणबत्त्या, जितके श्लोक तितक्या. अध्याय सुरू झाला की पेटवायच्या, पण आधीच्या अध्यायाच्या विझल्यावरच. स्वयंपाकाच्या मांडवात राबणाऱ्यांना भांड्यांच्या खणखणाटात धड ऐकू येत नाही. ते मंडपात डोकावतात, कुठल्या चित्राखाली उजेड आहे पाहतात आणि सांगतात, कथा कुठवर आली. यंदाच्या मेणबत्त्या बुआफाननंच वळल्या होत्या, मेण सढळ हातानं घालून.

भिक्खूंचं जेवण झालं, चौथा अध्याय सुरू झाला, आणि इकडं तळ्याकाठच्या आळीची मिरवणूक निघाली. पुढं ढोल घेतलेला बुनलाय. साऱ्या गावाचा तो लुंग, म्हणजे काका, आणि ढोल म्हणजे त्याचा जीव. मग दोन खेनवाले, मग तबक, मग बायका. त्यांत बुआफान पुढं, रेशमी लुगडं, केसांत चाफा. आणि मंडळी, ती नाचली! वय अडुसष्ट, पण मनगट असं वळायचं की तरुण पोरी बघत राहिल्या. चौथा अध्याय लहान. तिचा हिशेब पक्का होता. मुख्य रस्त्यानं एक फेरी, की पाचवा लागलाच.

वडाच्या वळणावर स्वयंपाकाच्या मांडवातला सुवान भेटला. विहारातून येत होता, हातात शेवयांचा वाडगा. बुआफान नाचत नाचत त्याच्या कानाशी गेली. "कितवा चाललाय रे?"

"काय?" ढोलापुढं त्याला ऐकू येईना.

"कितवा?" तिनं बोटं दाखवली.

सुवाननं चार बोटं वर केली. "चौथ्याखाली मस्त उजेड आहे अजून!"

अजून चौथाच! बुआफाननं पाय आखडते घेतले. "थांबा थांबा. ह्या घरापुढं नाचलो नाही तर म्हातारी रुसेल." तिथं नाचले. मग पुढच्या घरापुढं. मग ज्या घराला तीन वर्षं कुलूप होतं त्या घरापुढंही.

"कुणासाठी नाचतोय आपण? पालींसाठी?" बुनलाय ओरडला.

"पालींना पुण्य नको होय, लुंग? वाजवा!"

तळ्याला एक फेरी झाली. दुसरी सुरू झाली. ऊन डोक्यावर. बुनलायची पाठ घामानं निथळत होती. शेवटी शाळेच्या कुंपणापाशी त्यानं ढोल दाणकन खाली ठेवला. "मेलो. एक घोट घेतल्याशिवाय हा हात उठणार नाही."

ढोल थांबला. खेन थांबले. आणि त्या शांततेत विहाराचा कर्णा गरजला.

"...आणि अमित्तदा म्हणाली, अरे म्हाताऱ्या, बसून बसून बुडाला मुळं फुटतील तुझ्या, आणि मी काही तुला पाणी घालायची नाही!"

तो आवाज! साऱ्या मुलखात तसा आवाज एकच. कर्ण्यातून मंडपातला हशा ऐकू आला. मिरवणुकीतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"पावसाला सांगून ठेवलंयस का," कर्णा पुढं म्हणाला, "माझं छप्पर शाकारून होईस्तोवर येऊ नकोस म्हणून? अरे, म्हशीला हाक मारली तर ती कान तरी हलवते!"

खामसाय मटकन रस्त्यात बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी. "एऊय! हे पोथीत नाहीये! हे तुझं आहे! ज्या वर्षी छप्पर गळलं त्या वर्षीचं! मी चटई टाकून ऐकलंय!"

बुआफान खांबासारखी उभी. कान लाल. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाचवा अध्याय केव्हाच सुरू झाला होता. चौथ्याच्या मेणबत्त्या तिनंच वळलेल्या, जाड, त्या विझतच नव्हत्या. आणि तो वर बसलेला माणूस इतका वेळ अमित्तदाचं एकच भांडण का ओढत होता? ढोल गावात फिरतोय, जवळ येतोय, पुन्हा लांब जातोय, हे तो ऐकत होता. तळ्याकाठच्या आळीचा ढोल तो झोपेतसुद्धा ओळखेल. पोथीतलं भांडण संपलं म्हणून तो चाळीस वर्षांची शिदोरी सोडून बसला होता. तिची वाट बघत.

कर्ण्यातून मोठ्या भन्त्यांचा खोकला ऐकू आला. इशाऱ्याचा.

"उचल ढोल!" बुआफान किंचाळली.

"घोट तरी..."

"लुंग बुनलाय, ढोल उचल, नाहीतर तुझ्या पाठीवर वाजवते!"

मग जी काय पळापळ झाली! नाचत जायची रीत, म्हणून पळतच नाचले. तबकातल्या उशा उडाल्या, त्या मागच्यांनी झेलल्या. एका खेनवाल्याची चप्पल धुळीत राहिली. ढोलाचा दणका असा की कर्णा बोलतोय की गप्प झालाय, कळायला मार्ग नाही. बुआफानच्या छातीतही तोच ढोल. अध्याय संपला, थोंगमा खाली उतरला आणि सहाव्याचा भिक्खू बसला, तर हत्ती कुणा परगावच्याच्या पोथीला जातील. आणि रीत ती रीत. त्यापुढं बोलता येणार नाही.

पायरीपाशी ढोल थांबला. मंडपात शांतता. कर्णा मुका. बुआफान गुडघ्यांवर, हात टेकत, पायऱ्या चढली आणि मान वर केली.

धर्मासनावर लुआंग-ता थोंगमा बसून पाणी पीत होता. अगदी सावकाश. घोट घोट. शेजारी दोन रिकामे पेले होते, आणि हा तिसरा. त्याच्याकडची बोलणी संपली होती, आणि पुढचं वाचलं तर अध्याय संपला असता. पण पाणी पिणाऱ्या भिक्खूला आसनावरून कोण उठवणार? खाली मोठे भन्ते डोळे मिटून बसले होते, ओठ घट्ट. हसू दाबायला माणूस दाबतो तसे.

थोंगमानं पेला ठेवला. बाईच्या हातून भिक्खूनं थेट काही घ्यायचं नसतं, म्हणून त्यानं पुढ्यात कापड पसरलं. आळीचं तबक आलं. बुआफाननं तबकाच्या तळातून निळं वेष्टन काढलं आणि कापडाच्या टोकावर ठेवलं. ते वाकडं पडलं, तिनं दोनदा सरळ केलं. पळाल्यामुळं, असं ती नंतर म्हणाली.

त्यानं हत्तींवरून अंगठा फिरवला. एकेका काडीवरून. बराच वेळ. मग म्हणाला, आणि ध्वनिक्षेपक पुढ्यात आहे हे तो विसरला, की विसरला नाही, देव जाणे, सगळ्या गावाला ऐकू गेलं:

"उपासिके, हे मनापासून आहे ना?"

असं कुणी भिक्खू दान घेताना विचारत नाही. स्वयंपाकाच्या मांडवात झारे थांबले. तो वेष्टनाबद्दल विचारत नव्हता, हे लहान पोरालाही कळलं असतं. तीन वर्षं तो रोज तिच्या दारावरून खाली मान घालून जात होता आणि हाच प्रश्न पोटात घेऊन जात होता.

बुआफाननं मान वर केली. "मनापासून नसतं तर कुलूप लावलेल्या घरापुढं नाचले असते का? बोटांची सालं काढून घेतली असती का?" मग आवाज खाली आला, पण ध्वनिक्षेपकानं तोही उचललाच. "जाऊ दे म्हटलं तेव्हाही मनापासूनच होतं. तबक धरायला आले नाही, ती माझी चूक. धरलं असतं तर रडले असते, आणि हा बुनलाय बघत होता."

"मी आत्ताही बघतोय!" मागून बुनलाय म्हणाला, आणि मंडप फुटला. हसले, रडले, हात जोडून "साधू, साधू" म्हणाले. बुआफाननं वाटीत पाण्याची धार धरली आणि थोंगमानं आशीर्वादाच्या गाथा म्हटल्या. एक ओळ चुकला, पुन्हा मागं गेला, कुणी मनावर घेतलं नाही.

"लुआंग-ता," मोठे भन्ते डोळे न उघडता म्हणाले, "जूजक अजून घरातच बसलाय. आठ अध्याय उरलेत. त्याला आता जंगलात पाठवता का?"

थोंगमानं घाईघाईनं पोथी उचलली. आता तो पोथीतलंच वाचू लागला, जुन्या चालीवर, अडखळत. निघण्याआधी जूजकानं घराचं दार डागडुजी करून भक्कम केलं. रानातून लाकडं आणून फोडून रचली. घागरी भरून ठेवल्या. मग बायकोभोवती उजवीकडून फेरी घातली आणि डोळे पुसत वाटेला लागला.

बुआफान पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. खामसायनं तिच्या मांडीवर हात ठेवला.

"ऐकलंस का?" बुआफान पदरानं नाक पुसत कुजबुजली. "लाकडं फोडून गेला म्हणे. घागरी भरून! ह्यापेक्षा तो जूजक बरा होता की ग."

ती कुजबुज ध्वनिक्षेपकापर्यंत पोचली नसावी. पण धर्मासनावर वाचणारा मध्येच थांबला, खोकला, आणि त्याला पुन्हा पाणी मागवावं लागलं.